मुलीची पहिली नोकरी: कोणते कागद वाचावेत, पगाराचे काय करावे आणि पालकांनी कुठे थांबावे

नागपूरच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढच्या महिन्यात मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातील एका आयटी कंपनीत रुजू होत आहे. पगार वार्षिक ३,६०,००० रुपये सांगितला आहे, दोन वर्षांचा बॉण्ड (त्याआधी नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याची अट) आहे आणि त्यावर वडिलांची जामीनदार म्हणून सही मागितली आहे. घरात आजवर सगळ्यांनी शाळेत किंवा सरकारी कार्यालयात नोकरी केली. खासगी कंपनीचा अनुभव कोणालाही नाही. तिला वडील म्हणून काय सांगावे, पगार घरी द्यायला लावावा का आणि पहिल्या दिवशी सोबत जावे का, असे त्यांनी विचारले आहे.

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यांच्या कार्मिक विभागात, आणि पुढे मिहानमधील भरतीच्या कामात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. रुजू होणाऱ्या मुलामुलींचे कागद तपासणे, त्यांच्या सह्या घेणे आणि त्यांतले कोणी सोडून चालले की हिशेब मिटवणे हे माझे काम होते. त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्या बाजूने पाहिले तर नवी मुले आळसामुळे किंवा उद्धटपणामुळे अडचणीत आल्याचे क्वचितच दिसते. ती अडचणीत येतात ती न वाचता केलेल्या सहीमुळे, आणि त्याहून अधिक, कार्यालयात घडलेली वाईट गोष्ट घरी सांगण्याची सोय नसल्यामुळे. ‘मन लावून काम कर, वेळेवर जात जा, मोठ्यांशी नम्रतेने बोल’ हे आपण तिला पहिलीपासून सांगत आला आहात आणि ते तिला पाठ आहे. या महिन्यात तेच पुन्हा सांगण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून नियुक्तीपत्र ओळीओळीने वाचावे. दोघांनाही न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या ओळींबद्दलचे प्रश्न तिने स्वतः ई-मेलने कंपनीला विचारावेत. ते पत्र आपण लिहून देऊ नये.

आपल्या प्रश्नातील सर्वांत वजनदार बाब बॉण्डची आहे, आणि नेमकी तीच आपण ओझरती लिहिली आहे. बॉण्ड म्हटले की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एखादे काका म्हणतात, ‘असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत, बिनधास्त सही कर’. तर एखादे घर इतके धास्तावते की हातची नोकरी नाकारते. दोन्हींकडे माहिती अर्धवट असते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे, नोकरी सोडल्यानंतर याच क्षेत्रात दुसरीकडे काम करायचे नाही अशी अट सहसा निरर्थक ठरते. परंतु ठरलेल्या मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरावी ही अट वेगळी. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला, तेव्हा नियुक्तीच्या अटीप्रमाणे त्याला दोन लाख रुपये भरावे लागले, आणि १४ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. त्या प्रकरणात बँक सरकारी होती आणि नव्याने भरती करण्याचा खर्च हा मुद्दा महत्त्वाचा होता. म्हणून कोणतीही खासगी कंपनी मनाला येईल ती रक्कम वसूल करू शकेल असे त्यातून निघत नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देते. तरीही ‘बॉण्ड म्हणजे नुसता कागद’ असे आज कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

तेव्हा सही करावी की नाही, याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. दोन वर्षे रुजू झाल्यापासून मोजायची की प्रशिक्षण संपल्यापासून. सेवेचा काळ वाढेल तशी रक्कम कमी होत जाते की तेविसाव्या महिन्यातही पूर्णच भरावी लागते. कंपनीनेच काढून टाकले तर बॉण्ड लागू राहतो का. आणि ज्या प्रशिक्षणाच्या नावाखाली ही रक्कम लिहिली आहे ते प्रशिक्षण नेमके काय आणि किती आठवड्यांचे आहे. यांतील तिसरा प्रश्न बहुतेक कोणी विचारत नाही. मंदी आली, प्रकल्प बंद पडला आणि उमेदवारीच्या (प्रोबेशनच्या) काळातच मुलांना घरी पाठवले, असे या व्यवसायात घडते. त्या वेळी उलट आपल्याकडूनच पैसे मागण्याची वाट करारात मोकळी ठेवलेली असू नये.

आता जामीनदाराच्या सहीविषयी. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर कंपनी मुलीला बाजूला ठेवून थेट आपल्याकडे मागणी करू शकते. करारातील जामीनदाराचे कलम काढून टाकावे अशी विनंती मुलीने नम्रपणे जरूर करावी. पुष्कळ ठिकाणी ते जुन्या मसुद्यातून तसेच चालत आलेले असते आणि कोणी विचारले की वगळलेही जाते. वगळत नसतील आणि नोकरी घ्यायचीच असेल, तर आपली जबाबदारी जास्तीत जास्त किती रुपयांपर्यंत आहे हे आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली प्रत घरी ठेवावी. पैशांपेक्षाही मला दुसरी काळजी वाटते. वडिलांचे नाव कागदावर असले की मुले असह्य जागीही टिकून राहतात आणि घरी चकार शब्द काढत नाहीत, कारण ‘मी सोडले तर बाबांना भुर्दंड पडेल’ हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. म्हणून सही केलीच, तर त्याच दिवशी तिला सांगावे: बेटा, ही रक्कम मी बाजूला काढून ठेवली आहे, तिच्यापायी तू काही सहन करायचे नाही. आणि खरोखरच तेवढी रक्कम एखाद्या मुदत ठेवीत वेगळी टाकावी.

कोरा धनादेश आणि मूळ गुणपत्रिका या दोन गोष्टी मात्र कोणत्याही कारणाने कंपनीकडे ठेवायच्या नाहीत. पडताळणीसाठी मूळ कागद पाहणे योग्य आहे. ते पाहून त्याच बैठकीत परत दिले पाहिजेत आणि कंपनीच्या फाइलमध्ये स्वसाक्षांकित छायाप्रती राहिल्या पाहिजेत. नागपूर विद्यापीठाची पदवी किंवा गुणपत्रिका एकदा हातची गेली की दुय्यम प्रत मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे या गावात निराळे सांगायला नको. रुजू होण्याआधी ‘परत मिळणारी अनामत’, लॅपटॉपचे पैसे किंवा गणवेशाचे पैसे मागणारी कंपनी ही बहुधा कंपनीच नसते. असे पैसे चुकून गेले तर तासाभराचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पगाराचा आकडा पाहताना बहुतेक घरे वार्षिक रकमेला बाराने भागतात आणि महिन्याला ३०,००० येतील असे नातेवाइकांना सांगून मोकळी होतात. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, हाती येणारी रक्कम नव्हे. ३,६०,००० च्या पत्रात साधारणपणे काय असते ते उदाहरणाने दाखवतो. महिन्याच्या ३०,००० पैकी मूळ वेतन १५,००० धरू. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफचा) हिस्सा १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीची (ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२२, सामूहिक आरोग्य विम्याचा हप्ता समजा ४७८, आणि वर्षअखेरीस कामगिरी पाहून मिळेल असे सांगितलेले व्हेरिएबल ३,०००. हे ६,००० वजा केले की पगारपत्रकावर २४,००० दिसतात. त्यातून मुलीचा स्वतःचा पीएफचा हिस्सा १,८०० कापला जातो आणि खात्यात २२,२०० जमा होतात. याच पगारावर मुलगा असता तर व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये गेले असते. महाराष्ट्रात महिलांना मासिक २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. तिच्या पगारपत्रकात तो कापलेला दिसला तर लेखा विभागाला जरूर विचारावे, कारण संगणकातील एका रकान्यात चूक झाली की महिनोन्‌महिने असे पैसे जात राहतात. प्राप्तिकराची चिंता या पगारावर नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून पगारदाराला ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीसह १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर भरावा लागत नाही. तरी विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरावे. पुढे कर्ज किंवा परदेशाचा व्हिसा काढताना ते मागतात.

व्हेरिएबलविषयी एकच सांगतो: ते हाती पडेपर्यंत घरच्या हिशेबात धरू नये.

यानंतरची बाब किरकोळ वाटते, पण माझ्या टेबलावरची सर्वांत जास्त भांडणे तिच्यातूनच निघाली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. आधारवर क्रम उलटा असतो, पॅनवर मधले नाव कधी पूर्ण तर कधी नुसते आद्याक्षर, आणि बँकेत ‘वि’चे स्पेलिंग व्हीआय की डब्ल्यूआय हा प्रश्न वेगळाच. शाळाकॉलेजात हे सगळे खपून जाते. पीएफच्या खात्यात मात्र ते खपत नाही. तिथे आधारशी नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळले नाही की पुढे पैसे काढण्याचा किंवा खाते बदलण्याचा अर्ज परत येतो, आणि तोपर्यंत जुन्या कंपनीत सही करणारा माणूस बदललेला असतो. मग रघुजीनगरच्या भविष्यनिधी कार्यालयात चकरा सुरू होतात. म्हणून रुजू होण्याआधीच्या या महिन्यात आधार, पॅन आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे आणि दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी. पुढे लग्नानंतर नाव बदलायचे ठरले, तर तेव्हाही हाच क्रम पाळावा: आधी आधार, मग बाकीचे सगळे.

पीएफचा बारा अंकी यूएएन, म्हणजे सदस्याचा ओळख क्रमांक, हा जन्मभरासाठी एकच असतो. तिने शिकत असताना एखाद्या ठिकाणी काम केले असेल आणि तेव्हा क्रमांक मिळाला असेल, तर तोच द्यायचा. ‘नवा काढून टाका’ असे घाईत म्हणायचे नाही. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० तिच्या पीएफमध्ये, त्यामुळे पीएफ खात्यात दरमहा तिचे १,८०० आणि हे ५५० मिळून २,३५० पडायला हवेत. पगारातून कापले म्हणजे जमा झालेच, असे मानू नये; दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून पाहण्याची सवय तिला लावावी. ऑनलाइन नामनिर्देशन पहिल्याच महिन्यात करावे, आणि लग्न झाल्यावर ते नव्याने करावे लागते हेही तिला सांगून ठेवावे. नोकरी बदलताना बरीच मुले हे पैसे काढून मोबाइल किंवा गाडी घेतात. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजण्यातही तुटक कारभार आड येतो. खाते नव्या कंपनीकडे वर्ग करणे हेच बरोबर. नागपूरच्या माणसाला हे कोणी नव्याने शिकवावे असे नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू केली, १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभा केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली, तेव्हा असा कोणताही कायदा देशात नव्हता. आपल्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळ घरे त्या गिरणीच्या भोंग्यावर चालली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या मुलांना आपला यूएएन पाठ नसतो, हे मला खटकते.

पगार घरी द्यावा का, या प्रश्नावर मी स्पष्ट मत देतो. पूर्ण पगार घरी घेऊ नये, आणि काहीच घेऊ नये असेही नाही. पहिल्या पगाराचे पेढे टेकडीच्या गणपतीला ठेवणे, आजीला साडी घेणे हे सगळे आनंदाने व्हावे. माझा प्रश्न दुसऱ्या महिन्यापासूनचा आहे. २२,२०० पैकी एक ठरावीक रक्कम, समजा ५,०००, तिने दर महिन्याला आईच्या हाती द्यावी आणि ती किराणा किंवा विजेच्या बिलासाठी खरोखर वापरली जावी. ‘तुझ्याच लग्नासाठी जमा करतो’ असे म्हणून ती कपाटात ठेवली तर घर चालवायला किती लागते याचा अंदाज तिला कधीच येणार नाही. उरलेल्या पैशांतून आधी तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी साठवावी. ती असली की उद्या नोकरी सोडायची वेळ आली तर निर्णय घाबरून घ्यावा लागत नाही. त्यानंतर पीपीएफ घ्या की म्युच्युअल फंडाची एसआयपी, हा तपशील कोणीही समजावून सांगेल. विमा एजंट असलेल्या नातेवाइकाला मात्र पहिले सहा महिने दारातच थांबवावे. पगाराचे खाते उघडताना बँकेचा माणूस क्रेडिट कार्ड पुढे करतो आणि मोबाइलवरची ॲप्स न मागता कर्ज देतात. कार्ड घेण्यात गैर काही नाही, पण बिलावर लिहिलेली ‘किमान रक्कम’ भरून उरलेली पुढे ढकलायची नाही, एवढा एक नियम तिने पाळला तरी बरीचशी संकटे टळतात. आपणही एक पथ्य पाळावे. धाकट्याची फी किंवा घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर टाकायचा असेल, तर तो तिला विचारून, किती महिने हे सांगून टाकावा. गृहीत धरलेला पगार आणि मागितलेली मदत यांतला फरक मुलींना चांगला कळतो. त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

प्रत्यक्ष कामाविषयी वडिलांनी फार सांगू नये, कारण ते काम आपण पाहिलेले नाही. तरी एक गोष्ट कोणत्याही ठिकाणी लागू पडते: चूक झाली की त्याच दिवशी, स्वतः, वरिष्ठाला सांगायची. बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलाने एका बॅचच्या नोंदीत दशांश चिन्ह एक घर सरकवून लिहिले. संध्याकाळी त्याच्या लक्षात आले आणि शिफ्ट संपण्याआधी त्याने पर्यवेक्षकाला गाठले. माल गोदामातच होता, लेबले बदलली गेली, थोडी बोलणी खाऊन विषय संपला. त्याच जागी वर्षभराने दुसऱ्याने अशीच चूक लपवली. माल ग्राहकाकडे गेला, परत आला, चौकशी बसली आणि चौकशीत सर्वांत आधी विचारले गेले ते हे की तुला कधी कळले होते. दोघांची चूक सारखीच होती, पण दुसऱ्याची उमेदवारी संपली ती त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर. ज्या घरात कमी गुण मिळाल्यावर आधी आवाज चढतो त्या घरातील मुले अशा वेळी गप्प राहतात, असे माझे निरीक्षण आहे. आपल्या घरी काय होत असे, हे आपणच आठवून पाहावे.

याखेरीज तोंडी मिळालेली सूचना संध्याकाळी दोन ओळींच्या ई-मेलने पक्की करून घेणे, कंपनीची फाइल स्वतःच्या ई-मेलवर न पाठवणे, पासवर्ड कोणालाही न देणे, मग तो टीम लीडर का असेना, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर कंपनीविषयी राग किंवा कौतुक न मांडणे एवढे पुरेसे आहे. प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक डाउनलोड करून घरच्या संगणकावर ठेवावे. नोकरी सुटली की कंपनीचे पोर्टल त्याच दिवशी बंद होते.

मुलगी असल्यामुळे आणखी एक गोष्ट बोलावी लागेल, आणि ती आईवर न सोपवता आपणही बोलावी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला असते, किमान निम्मे सदस्य महिला असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा असतो. समितीतील नावे कार्यालयात लावलेली असली पाहिजेत. ती कुठे लावली आहेत हे तिने पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, कारण पटल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. रात्रीच्या पाळीसाठी तिची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित वाहन या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. हे सगळे नियम मी प्रशिक्षणात मुलींना सांगत आलो, त्या ऐकून घेत, आणि तरीही तक्रारी उशिरा येत. कारण विचारले की बहुतेकींचे उत्तर एकच असे: घरी कळले तर नोकरी सोडायला लावतील. छळ करणाऱ्याला शिक्षा होण्याआधी तिचीच नोकरी जाणार असेल, तर ती आपल्याला का सांगेल? म्हणून आजच, काहीही घडलेले नसताना, तिला शब्द द्यावा की असे काही झाले तर पुढे काय करायचे ते ती ठरवेल आणि आपण तिच्याबरोबर राहाल. आणि ‘ती नोकरी सोड’ हे वाक्य आपल्या तोंडून पहिले निघणार नाही.

सहा-आठ महिन्यांनी एखाद्या रविवारी ती ‘मला इथे राहायचे नाही’ असे म्हणण्याचा संभव बराच आहे. पहिल्या वर्षात हे बहुतेकांच्या मनात एकदा तरी येऊन जाते. त्या वेळी ‘आमच्या काळी’ने सुरुवात करू नये. त्रास कामाचा आहे, माणसाचा आहे, प्रवासाचा आहे की झोपेचा, एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. काम कंटाळवाणे असेल तर वर्ष पूर्ण करायला सांगणे योग्य, कारण पुढच्या भरतीत वर्षाचा अनुभव मोजला जातो. माणूस अपमान करणारा असेल किंवा पगारच वेळेवर होत नसेल, तर वर्ष पूर्ण करण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत झालाच पाहिजे, असा कायदा आहे. सोडायचे ठरले तर रीतसर सोडावे. राजीनामा ई-मेलने द्यावा, नोटीस पीरियड पाळावा किंवा त्याबदल्यातील रक्कम भरावी, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्यावी, आणि रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळे केल्याचे पत्र) हाती आल्याशिवाय फाइल बंद करू नये. अचानक जाणे बंद केलेल्या मुलांची पुढच्या कंपनीच्या पडताळणीत जी अडवणूक होते, ती मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणे सक्तीचे झाले आहे आणि नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. जुन्या सवयीने ‘पंचेचाळीस दिवस लागतील’ असे कोणी म्हणाले तर हा नियम तिने शांतपणे लेखी दाखवून द्यावा.

पहिल्या दिवशी सोबत जावे का, हा आपला शेवटचा प्रश्न. फाटकापर्यंत जायला हरकत नाही, आत येऊ नये. त्याऐवजी आदल्या आठवड्यात दोघांनी एकदा तो रस्ता करून पाहावा. मेट्रोने खापरीपर्यंत जाणे सोपे आहे, पण तिथून कंपनीच्या दारापर्यंतचे अंतर मे महिन्याच्या उन्हात पायी जाण्यासारखे नाही. कंपनीची बस कुठे थांबते, किती वाजता निघते आणि ती चुकली तर ऑटो मिळतो का, हे आधी माहीत असावे. नंतरही तिच्या वरिष्ठांना भेटायला जाणे, ‘आमच्या मुलीकडे लक्ष ठेवा’ असे सांगणे किंवा सुट्टी मिळावी म्हणून मनुष्यबळ विभागाला फोन करणे टाळावे. असे फोन आम्हाला येत असत आणि आम्ही अदबीने उत्तरही देत असू, पण त्यानंतर त्या मुलीला जबाबदारीचे काम देताना वरिष्ठ एकदा थबकत, हे मी अनेकदा पाहिले आहे. रुजू होतानाच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना असतो. तिथे आपला आणि तिच्या आईचा, असे दोन्ही क्रमांक तिला लिहायला सांगावेत, आणि रक्तगट माहीत नसेल तर तो या आठवड्यातच तपासून घ्यावा.